अजून पाच मिनिटं... प्लीज!

सकाळी पावणेसातला तुम्ही काय करत असता? खरं सांगा हं! माझ्या ओळखीतली निम्मी जनता त्या वेळी मोबाइलचा पहिला अलार्म बंद करून दुसऱ्याची वाट बघत असते. उरलेल्यांपैकी काही जिममध्ये, काही लोकलच्या दारात. आणि आम्हा फ्रीलान्सर मंडळींचं तर विचारूच नका. पावणेसात ही वेळ आम्ही बहुतेकदा उलट्या बाजूने, म्हणजे रात्र संपवताना पाहिलेली असते.

ऑफिसात फ्लेक्झी टाइम नसेल तर आपण एचआरला मेल टाकतो. सकाळी आठची मीटिंग लावणाऱ्या बॉसबद्दल ग्रुपवर आपण जे लिहितो ते इथे छापता येणार नाही. नाइट शिफ्ट असेल तर अलाउन्स हवा, घरपोच कॅब हवी. हक्कच आहे तो आपला, नाही कोण म्हणतंय? पण त्याच पावणेसातला आपल्याच बिल्डिंगच्या गेटातून एक व्हॅन बाहेर पडते. तिच्या खिडकीला डोकं टेकवून एक पोरगं तोंड उघडं टाकून झोपलेलं असतं. त्याचा एचआर कोण?

असं एक पोरगं आमच्या घरात आहे. माझा भाचा. वय वर्षं पंधरा, ओठांवर नुकती लव, आवाज फुटलेला, पायात बाबांपेक्षा मोठ्या मापाचे बूट आणि दहावीच्या उंबरठ्यावर उभा. ताई-भावोजी डोंबिवलीला राहतात, मी त्यांच्यापासून दोन गल्ल्या सोडून. त्यामुळे त्या घरात रोज सकाळी जे महाभारत घडतं त्याचं लाइव्ह कव्हरेज मला फोनवर मिळतं.

त्याचा दिवस सांगते. पावणेसहाला हाका मारायला सुरुवात. ‘अजून पाच मिनिटं’ तीनदा होतात. सव्वासहाला तो उठतो, म्हणजे उभा राहतो. सहा पस्तीसला व्हॅन, सातला प्रार्थना. साडेबाराला शाळा सुटते. घरी येऊन जेवण, अडीच ते साडेपाच क्लास. क्लासहून आला की सोफ्यावर असा काही आडवा होतो की दाराची बेल वाजवून वाजवून कुरिअरवाला निघून जातो. ताई फोर्टमधल्या तिच्या बँकेतून सव्वाआठला येते, जेवणं साडेनऊला. मग होमवर्क, क्लासचे पेपर. दिवा बंद व्हायला बारा. बोटांवर मोजा. पावणेसहा तास, सव्वासहा ओढून-ताणून.

अमेरिकेतल्या झोपतज्ज्ञ डॉक्टरांची जी संघटना आहे, तिची शिफारस तेरा ते अठरा वयासाठी रोजची आठ ते दहा तास झोप अशी आहे. म्हणजे आमचं ध्यान रोज किमान दीड-दोन तास उधारीवर जगतंय. उधारी फेडायचा दिवस रविवार. त्या दिवशी तो साडेअकराशिवाय उठत नाही आणि मग माझी आई, म्हणजे त्याची आजी, ‘कुंभकर्ण’ या विषयावर प्रवचन सुरू करते. आमच्या वेळी पहाटे उठून आम्ही पाणी भरायचो वगैरे. ती हे अजिबात खोटं सांगत नाही. फक्त त्या वेळी ती रात्री साडेनऊला झोपायची, हे प्रवचनात येत नाही.

म्युनिकचे संशोधक टिल रोएनेबर्ग यांनी २००६ मध्ये या रविवारच्या प्रकाराला एक झकास नाव दिलं, ‘सोशल जेटलॅग’. शरीराचं घड्याळ एक वेळ सांगतं आणि शाळा-ऑफिसचं घड्याळ दुसरी. भाच्याचा हिशेब मी लावून पाहिला. सोमवार ते शनिवार त्याच्या झोपेचा मध्य येतो पहाटे तीनला, रविवारी सहाला. तीन तासांचा फरक! म्हणजे स्वारी दर शनिवारी रात्री विमानात बसून दुबईच्याही पुढे, पार मॉस्कोपर्यंत जाते आणि सोमवारी पहाटे परत डोंबिवलीत उतरते. तेही व्हॅनमध्ये.

आता यातली खरी गंमत. हे सगळं आधी असं नव्हतं! त्याची शाळा दोन अधिवेशनांची. इमारत एक, शाळा दोन. मुंबई-ठाण्यात जागेची बोंब असल्याने अशा शाळा गल्लोगल्ली आहेत. आधी तिथे चिल्लीपिल्ली, म्हणजे चौथीपर्यंतची, सकाळी सातला यायची आणि मोठी मुलं दुपारी. भाचा पाचवी ते सातवी मस्त दुपारच्या शाळेत गेला. सकाळी साडेआठला आपला आपण उठायचा, आंघोळ-नाश्ता करून होमवर्क संपवायचा. गुणी बाळ म्हणून सोसायटीत ख्याती!

डिसेंबर २०२३ मध्ये तेव्हाचे राज्यपाल रमेश बैस यांनी एका कार्यक्रमात सांगितलं की हल्ली सगळ्यांच्याच झोपेच्या वेळा बदलल्यात, मुलं मध्यरात्रीपर्यंत जागी असतात आणि शाळेसाठी लवकर उठतात, तेव्हा शाळांच्या वेळांचा विचार करा. फेब्रुवारी २०२४ मध्ये शालेय शिक्षण विभागाचा निर्णय आला. पूर्वप्राथमिक ते चौथीचे वर्ग २०२४-२५ पासून सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत. कारणंही पटण्यासारखी होती. शहरात रात्री उशिरापर्यंत चालणारे आवाज, उशिरा झोपणारे आईबाप, थंडी-पावसात पोरांना उठवताना होणारे हाल. चांगला निर्णय होता तो. लहानग्यांनाही झोप लागतेच की, उलट जास्त लागते.

पण दोन अधिवेशनांच्या शाळेचं गणित बघा. छोटे नऊला आले तर दोनपर्यंत इमारत अडणार. मग मोठ्यांना बसवायचं कुठे? शाळेने अगदी सोपा उपाय काढला. अदलाबदल! मोठे सकाळी सातला, छोटे दुपारी पाऊणला. जून २०२४ मध्ये भाचा आठवीत गेला आणि पहिल्यांदा त्याचा अलार्म पावणेसहाचा झाला. म्हणजे पोरांना झोप मिळावी म्हणून काढलेल्या निर्णयाने आमच्या पोराची झोप गेली.

आणि गेली कोणत्या वयात? नेमकी तेव्हा, जेव्हा शरीराला सकाळ सगळ्यात जड जाते. घरात तीन-चार वर्षांचं पोर असेल तर तुम्हाला ठाऊक असेल. रविवारी सहाला ते तुमच्या पोटावर बसून ‘उठ ना’ म्हणत असतं. तेच पोर तेराचं झालं की त्याला नऊला गदागदा हलवावं लागतं. मधल्या काळात ते आळशी झालं का? नाही हो. वयात येताना मेलाटोनिन, म्हणजे झोपेची वर्दी देणारं संप्रेरक, रात्री उशिरा स्रवायला लागतं. घड्याळ साधारण एक-दोन तासांनी पुढे सरकतं. शिवाय दिवसभरात साठणारा झोपेचा दाबही या वयात सावकाश चढतो. दहाला दिवा बंद केलात तरी मुलगा टक्क जागा!

लगेच कोणीतरी म्हणणार, ‘मोबाइल काढून घ्या, आपोआप झोपेल.’ ताईनेही ते केलं. गेल्या वर्षी पूर्ण एक महिना रात्री दहाला मोबाइल तिच्या कपाटात. भाचा अंधारात पंख्याकडे बघत पडून राहायचा आणि पावणेबाराला झोपायचा. मोबाइल निर्दोष आहे असं मी म्हणत नाही. रात्रीचा उजेड घड्याळ आणखी पुढे ढकलतो आणि रील्स बघताना एक कधी वाजतो ते आपल्यालाही कळत नाही, तर त्याला काय कळणार? पण मूळ रोग तो नाही. मेरी कार्सकेडन या संशोधिकेने १९७६ मध्ये स्टॅनफर्डला मुलांचं उन्हाळी शिबिर सुरू केलं, झोपेचं शिबिर! रात्री दहा तास अंथरुणात पडायची मुभा. दरवर्षी तीच मुलं परत बोलवायची. सगळ्यांना वाटत होतं की वय वाढेल तशी झोप कमी होईल. झालं भलतंच. मुलं मोठी होत गेली तरी झोपायची तेवढीच, साधारण सव्वानऊ तास. आणि एवढं झोपूनही थोरली मुलं दिवसा जास्त पेंगायची. १९७६ मध्ये कुठला मोबाइल?

त्याच कार्सकेडनबाईंचा १९९८ मधला अभ्यास मी ताईला मुद्दाम वाचून दाखवला, कारण तोही दहावीचाच आहे. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंडमध्ये मुलांची नववीची शाळा ८.२५ ला भरायची आणि दहावीची ७.२० ला. पंचवीस मुलांना दोन्ही वर्षी तपासलं. शाळा तासभर आधी आली म्हणून मुलं तासभर आधी झोपायला लागली का? नाही. झोपायची वेळ होती तिथेच राहिली, कमी झाली ती झोप. सकाळी साडेआठला त्यांना शांत खोलीत आडवं केलं तर त्यातली जवळपास निम्मी मुलं थेट स्वप्नांच्या झोपेत शिरली, जी एरवी झोप लागल्यावर तास-दीड तासाने येते. साडेआठला ही मुलं एरवी वर्गात असायची. शरीराच्या हिशेबाने मात्र रात्र सरलेलीच नव्हती.

भाच्याचा साडेआठचा तास गणिताचा आहे. डायरीत बाईंचा शेरा, ‘वर्गात लक्ष नाही. डुलक्या काढतो.’ खाली ताईची सही.

यात आपल्या मुंबईचा आणखी एक लोच्या आहे, जो मला हा विषय हाती घेईपर्यंत डोक्यातच आला नव्हता. आपलं घड्याळ मुंबईचं नाहीच! भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावर बेतलेली, म्हणजे पार उत्तर प्रदेशातल्या मिर्झापूरजवळची. मुंबईचा सूर्य तिच्यापेक्षा जवळजवळ ३९ मिनिटं मागे. प्रमाणवेळ आली १९०६ मध्ये, तरी मुंबईकरांनी आपला वेगळा ‘बॉम्बे टाइम’ त्यानंतर कित्येक वर्षं, पार १९५५ पर्यंत चालवला. एकदम मुंबईकर खाक्या! तर सांगायचं काय, की सातची घंटा सूर्याच्या हिशेबाने सहा एकवीसला वाजते. जानेवारीत इथे सूर्य उगवतो सव्वासातच्या सुमाराला. म्हणजे पोरं चक्क अंधारात प्रार्थना म्हणतात. मौलिक जगनानी या अर्थशास्त्रज्ञाने भारतातल्या मुलांच्या झोपेचा अभ्यास केलाय. देशभर शाळेची घंटा साधारण एकाच वेळी, पण पश्चिमेकडे सूर्य उशिरा मावळतो, म्हणून मुलं उशिरा झोपतात आणि उठतात मात्र तेव्हाच. सूर्यास्त तासभर उशिरा असेल तर झोप साधारण अर्ध्या तासाने कमी. मुलांच्या एकूण शिक्षणाच्या वर्षांवरही त्याचा परिणाम दिसला.

एवढं सगळं वाचून मी ताईकडे गेले. वाटलं होतं, ती शाळेवर मोर्चाच नेईल. ती पोळ्या लाटत होती. म्हणाली, “तुला काय जातंय बोलायला? सातची शाळा मलाही सोयीची आहे.”

खरं होतं ते. तिची लोकल ७.२८ ची. सहा पस्तीसला मुलगा व्हॅनमध्ये बसलेला डोळ्यांनी दिसतो, मग ती डबे भरून निघते. शाळा साडेआठची झाली तर तो एकटा घरी, दाराला कुलूप लावून वेळेवर निघायची जबाबदारी त्याची. “आणि परत झोपला तर? मी तेव्हा भायखळ्याच्या पुढे असेन.” शिवाय शाळा उशिरा सुटणार, मग क्लास उशिरा, मग जेवण उशिरा. अदलाबदल झाली तेव्हा पालकसभेत शाळेने हात वर करायला सांगितले होते. सकाळची शाळा नको म्हणून पन्नासातले तीन हात वर गेले. बाकीच्यांना सकाळ हवीच होती. दुपार क्लासला मोकळी मिळते ना! ताईचा हात खालीच होता.

मग गेल्या पावसाळ्यातली ती सकाळ आली. व्हॅनवाले काका आले नाहीत म्हणून भाचा सायकल काढून निघाला. सपाट, मोकळा रस्ता, तुरळक पाऊस, समोर एकही गाडी नाही. आणि हा सरळ जाऊन दुभाजकावर! हनुवटीला चार टाके. डॉक्टरांनी विचारलं, घसरलास का? तो म्हणाला, “नाही. मला रस्ता आठवतच नाहीये.” ताई तेव्हा काही बोलली नाही. रात्री मला फोन करून म्हणाली, ते तुझे कागद काय आहेत ते पाठव.

त्या कागदांमध्ये केंटकी राज्यातल्या एका काउंटीचा अभ्यास होता. तिथल्या शाळांनी वेळ तासभर पुढे नेली आणि पुढच्या दोन वर्षांत तिथल्या कोवळ्या ड्रायव्हर मुलांचे अपघात साडेसोळा टक्क्यांनी कमी झाले. त्याच काळात उरलेल्या राज्यात ते वाढले होते. सिअ‍ॅटलचाही होता. २०१६ मध्ये त्या शहराने हायस्कूलची घंटा ७.५० वरून ८.४५ वर नेली. सगळे म्हणत होते, आता ही कार्टी आणखी उशिरापर्यंत जागतील. शास्त्रज्ञांनी मुलांच्या मनगटावर यंत्रं बांधून मोजलं तर झोप रोज ३४ मिनिटांनी वाढली होती. चौतीस मिनिटं ऐकायला फुसकी वाटतात. आठवड्याला तीन-चार तास होतात ते. सोमवारी सकाळी कोणी तुम्हाला देऊ केले तर?

कॅलिफोर्नियाने तर कायदाच केला. २०१९ मध्ये सही झाली, जुलै २०२२ पासून लागू. हायस्कूल साडेआठच्या आधी नाही, मिडल स्कूल आठच्या आधी नाही. आता म्हणाल, अमेरिकेचं कौतुक पुरे! तर ऐका, फ्लोरिडाने २०२३ मध्ये असाच कायदा केला, २०२६ पासून लागू होणार होता, आणि २०२५ मध्ये त्यातून सुटायची वाट मोकळी करून दिली. कारण? बस आणि ड्रायव्हर! त्याच बसेस तीन-तीन फेऱ्या करतात, एक वेळ हलवली की सगळं वेळापत्रक कोसळतं. डोंबिवली काय आणि फ्लोरिडा काय, शेवटी गाडी अडते ती गाडीवरच.

आपल्याकडे आणखी एक अडचण आहे, ऊन. मार्च २०२५ च्या अखेरीस राज्यभर शाळा सकाळच्या सत्रात घ्यायचा आदेश निघाला तो उन्हाच्या तडाख्यामुळे. विदर्भात एप्रिलमध्ये दुपारी एकला पोरांना रस्त्यावर सोडा असं मीही म्हणणार नाही. पण उन्हाळ्याचे दोन महिने आणि उरलेलं वर्ष यांना एकच नियम कशाला? जून ते फेब्रुवारी साडेआठ, पुढे सात. गणवेशात थंडीचा स्वेटर वेगळा चालतो, तर वेळ का नाही?

आपल्या पिढीने हे निमूट सोसलं आणि विसरूनही गेली, असं मला वाटतं. आठवतं का, अकरावीला सातचं कॉलेज, पहिलं लेक्चर मागच्या बाकावर झोपून काढलेलं? रोएनेबर्ग यांच्या २००४ च्या अभ्यासात दिसलं की शरीराचं घड्याळ विशीच्या आसपास सगळ्यात उशिरा चालतं आणि तिथून हळूहळू मागे फिरतं. म्हणूनच परवा माझी एक मैत्रीण कौतुकाने सांगत होती की हल्ली तिला रविवारीही आठला जाग येते, योगामुळे! योग चांगलाच आहे गं, पण तू अठ्ठावीसची झालीस हेही एक कारण आहे.

बरं, आमचं काय झालं? ताईने आधी हातातलं केलं. क्लास अडीचऐवजी पाचचा घेतला. जेवून भाचा सव्वा तास झोपतो, गजर लावून. रात्री त्यामुळे थोडा आणखी जागतो, म्हणजे हा तोडगा अर्धाच. मग ताई आणि आणखी दोन आयांनी मिळून शाळेला अर्ज दिला. साडेआठचा हट्ट नाहीच, दोन अधिवेशनांत तो बसणारही नाही. आठवी ते दहावीची घंटा ७.४० ला करा, मधली सुट्टी दहा मिनिटांनी आवळा, शनिवारी दोन तास जास्त घ्या, पाऊणच्या आत इमारत रिकामी होते. ताईने एक्सेल शीट करून दिली होती, बँकवाली ती! आणि जमत नसेल तर निदान गणित पहिल्या तीन तासांत नको.

मुख्याध्यापिकांनी अर्ज नीट वाचला, हे कौतुकाने सांगायला हवं. गणिताचं त्यांनी लगेच मान्य केलं. आता ते मधल्या सुट्टीनंतर असतं आणि डायरीत दोन महिन्यांत नवा शेरा आलेला नाही. वेळेबाबत मात्र म्हणाल्या, “माझी ना नाही, पण आधी व्हॅनवाल्यांशी बोलून घ्या.”

ताई व्हॅनवाल्या काकांशी बोलली. ते म्हणाले, “मॅडम, तुमची पोरं सातला सोडली की मला पावणेआठची दुसऱ्या शाळेची फेरी असते. ती सोडली तर गाडीचा हप्ता कोण भरणार?” ते स्वतः साडेचारला उठतात. दुसऱ्या शाळेची घंटा आठची, तिथली मुलंही आठवी-नववीचीच.

येत्या शनिवारी दोन्ही शाळांच्या पालकांना आणि तीन व्हॅनवाल्यांना ताईने घरी चहाला बोलावलंय. दोन्ही घंटा चाळीस मिनिटांनी पुढे गेल्या तर फेऱ्या तशाच राहतात, असं तिची शीट सांगते. भाच्याला विचारलं, तू पण बसणार का मीटिंगला? म्हणाला, “किती वाजता आहे, मावशी?”

सकाळी दहाला.